भेग दाखवा

सुप्रभा माझी मावसबहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आता चोपन्नची. आम्ही दोघी तंजावरात मेल वीथीत एकाच घरात वाढलो. लग्न करून मी सोलापूरला गेले, म्हणून मला मराठी लिहिता-वाचता येतं. तिला मराठी येतं ते बोलण्यापुरतं. तिची पत्रं, पावत्या, भांडणं, सगळं तमिळमध्ये. तेव्हा हे मी लिहितेय ते तिला वाचता येणार नाही. फोनवरून वाचून दाखवेन, आणि ती चुका काढेल.

तिनं लग्न केलं नाही. नागपट्टिणम रस्त्यावरच्या एका लॉरी ऑफिसात तेवीस वर्षं नोकरी केली. तिथं अठरा गाड्या होत्या आणि प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीचं बिल तिच्या हाताखालून जायचं. लायनर, पिस्टन, मेन बेअरिंग, हेड गॅस्केट हे शब्द तिनं हजारो वेळा लिहिले. कुठला भाग किती किलोमीटरनं झिजतो, कोणता मेकॅनिक एकच गॅस्केट दोनदा लावतो, हे तिला कागदावरून कळायचं. पण इंजिनाचं पोट तिनं कधी पाहिलं नव्हतं. बायकांनी वर्कशॉपात जायचं नाही, बिलं वर यायची, असा तिथला रिवाज होता.

मालक म्हातारे झाले, मुलं परदेशी गेली, गाड्या विकायला निघाल्या. तेव्हा सुप्रभानं प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढून त्यातली एक गाडी घेतली. अठरा चाकी. पुढं इंजिन आणि केबिन, मागं जोडलेला लांबलचक ट्रेलर. त्या गाडीवर मणी नावाचा ड्रायव्हर होता, तोही तिच्याबरोबर आला. मणी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण तिला अक्का म्हणतो. अरियलूरच्या कारखान्यांतून सिमेंट उचलायचं आणि कावेरीच्या डेल्टात पोचवायचं, हा तिचा धंदा. चार वर्षं तो चांगला चालला.

गेल्या एप्रिलात मी तंजावरला गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघी कापी, म्हणजे कॉफी, पीत बसलो होतो आणि मणीचा फोन आला. अर्धं सिमेंट तंजावरला उतरवून उरलेलं घेऊन तो कुंभकोणमला निघाला होता. पापनाशमच्या अलीकडे गाडी बंद पडली.

“आधी पांढरा धूर आला, अक्का. मग आतून ठोके. मग गपगार.”

सुप्रभानं छत्री घेतली. मी म्हटलं, मीही येते. कुंभकोणमच्या बसनं आम्ही निघालो आणि रस्त्याकडेला ट्रेलर दिसताच कंडक्टरला सांगून उतरलो. कडेच्या चिंचेखाली ती एवढी मोठी गाडी उभी होती, आणि पलीकडच्या कापलेल्या भातखाचरात बगळे फिरत होते. सुप्रभानं मणीला इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायला सांगितली. पट्टीवर तेल नव्हतंच म्हणायचं. दूध घातलेल्या कापीसारखं काहीतरी होतं.

“पाणी तेलात शिरलंय,” ती म्हणाली. तिथल्या तिथे फोन करून तिनं दुसरी लॉरी बोलावली, पोती तिच्यावर चढवली आणि गिऱ्हाइकाला कळवलं की माल संध्याकाळपर्यंत पोचेल. तो पोचलासुद्धा. मगच ती गाडीकडे वळली.

गाडी ओढून बायपासवरच्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली. चकचकीत फरशी, काचेची खोली, गार हवा. त्यांनी दोन दिवसांत इंजिन खोललं आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला. घराबाहेरचं सगळं बोलणं तमिळमध्ये झालं, मी ते मराठीत देतेय.

“अम्मा, ब्लॉकला भेग गेलीय,” तो म्हणाला. “इंजिन बांधून काही उपयोग नाही. नवीनच टाकावं लागेल.”

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मूळ ओतीव सांगाडा. त्यानं छापील कागद पुढं केला. नवीन इंजिन, बसवण्याची मजुरी, कर, सगळं धरून नऊ लाख चाळीस हजार. ती गाडीच तिनं अकरा लाखांना घेतली होती.

सुप्रभानं कागद खालपर्यंत वाचला. मग विचारलं, “भेग कुठं आहे?”

“ब्लॉकला.”

“ते वाचलं. ब्लॉक केवढा आहे हे मला माहीत आहे. भेग कुठल्या जागी आहे? मला दाखवा.”

“गिऱ्हाइकांना आत सोडत नाही, अम्मा. सुरक्षेचा नियम आहे. आणि तुम्हाला बघून काय कळणार?”

माझी बहीण उठून काचेच्या खोलीबाहेर गेली. दारापाशी एक स्टूल होतं, त्यावर बसली. म्हणाली, “आत सोडू नका. इंजिन बाहेर आणा.”

ती दुपारी तीनपर्यंत तिथं बसली होती. मी मध्ये दोन नारळपाणी आणली. येणारे जाणारे ड्रायव्हर बघत होते. शेवटी मॅनेजर बाहेर आला आणि त्यानं आपल्या मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिसऱ्या सिलिंडरजवळ एक बारीक काळी रेष.

“हा फोटो आहे,” सुप्रभा म्हणाली. “मी लोखंड विचारलं होतं.”

तो चिडला. “दोन दिवसांत सही करा. नाहीतर जागेचं भाडं लागेल.”

“सही कशाला? माझं इंजिन मला परत द्या. जसं आहे तसं, सुटं.”

मॅनेजरला हे अपेक्षित नव्हतं. खोलण्याची मजुरी भरावी लागेल, तो म्हणाला. तिनं ती भरली. मग पर्समधून वही काढली आणि आपल्या सुवाच्य तमिळमध्ये यादी करायला बसली. ब्लॉक एक. हेड एक. क्रँक एक. पिस्टन सहा. लायनर सहा. बोल्ट किती, ते मोजून. आतले कामगार एकेक वस्तू आणून ठेवत होते आणि ती लिहीत होती. सहावा पिस्टन सापडत नव्हता, तो दुसऱ्या कुणाच्या तरी ढिगात निघाला. यादीखाली तिनं मॅनेजरची सही घेतली. तो सही करताना म्हणाला, “भंगारवाल्याकडेच नेणार ना शेवटी?”

तिनं वही पर्समध्ये टाकली. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला तर तिनं झटकून टाकला. “राग आलाय मला,” ती म्हणाली. “भ्याले नाही.”

घरी शेषगिरी वाट बघत होता. सुप्रभाचा थोरला भाऊ, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. वरच्या मजल्यावर राहतो. कुणीतरी त्याला कळवलं होतं की तुझी बहीण वर्कशॉपच्या दारात बसलीय.

“सुप्पी, मी एक सांगतों, ऐकून घे,” तो म्हणाला. आमच्या घरात अजून अशीच मराठी बोलतात. “गाडी वीक. तिरुची येथे एक गिऱ्हाईक आहे, बंद गाडीचे चार लाख देतो म्हणतो. ते बँकेत ठेव. घरी बैस. तुज काय कमी आहे?”

“अण्णा, तू मज सांगायला आलास की विचारायला?”

“लोक हसतात गे.”

“गाडी घेतली तेव्हाही हसले. चार वर्षं चालली तेव्हा कोण आलं होतं शाबास म्हणायला?”

“पण आता इंजिनच गेलं!”

“ते गेलं की नाही हेच तर मज बघायचं आहे. गेलं असेल तर मी स्वतः विकीन. कुण्या सायबानं सांगितलं म्हणून नाही विकायची.”

शेषगिरी वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटत होतं की बहीण म्हातारपणीचे पैसे धुरात घालवतेय. तो जेवला नाही त्या दिवशी. सुप्रभा मात्र जेवली, दही-भाताची दोन ताटं.

दुसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोत सगळं इंजिन भरून, आणि गाडी दुसऱ्या लॉरीला जोडून ओढत, आम्ही करंदैला कृष्णस्वामींच्या पट्टरैत गेलो. पट्टरै म्हणजे तिथं लोहारकामाची, लेथकामाची शेड. कृष्णस्वामींचं नाव तिनं बिलांवर वीस वर्षं पाहिलं होतं, माणूस पहिल्यांदाच पाहत होती. सत्तरीचा, अंगात बनियन, एका डोळ्यात मोतीबिंदू. आता माप घेण्याचं काम त्यांची मुलगी सौम्या करते. मायक्रोमीटर धरते, आकडा मोठ्यानं वाचते, आणि म्हातारा बोट फिरवून सांगतो की आकडा बरोबर आहे की नाही.

“अय्या, तुमची बिलं कधी फुगलेली नसायची,” सुप्रभा म्हणाली. “म्हणून आले.”

म्हातारा हसला. मग गंभीर झाला. “मी तपासेन. पण भेग निघाली तर? भांडायचं नाही.”

“निघाली तर मान्य. पण मला दिसली पाहिजे.”

सौम्यानं ब्लॉक उन्हात ओढून घेतला. तिसऱ्या सिलिंडरजवळची ती काळी रेष होती तिथंच होती, फोटोतल्यासारखी. सौम्यानं घासलेटात फडकं बुडवलं आणि रेषेवर जोरानं घासलं. एकदा, दोनदा. रेष पुसट झाली आणि गेली. जळलेल्या तेलाची काजळी होती ती.

मी ओरडलेच. सुप्रभानं मला गप्प केलं. “थांब. अजून बघू दे.”

कारण डोळ्याला न दिसणारी भेगही असू शकते. सौम्यानं सगळा ब्लॉक धुतला, वाळवला, त्यावर लाल रंगाचं पातळ औषध फवारलं. वीस मिनिटं थांबलो. मग ते पुसून काढलं आणि पांढरी भुकटी मारली. लोखंडात कुठं चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग त्या भुकटीवर उमटतो, असं ती म्हणाली. आम्ही चौघंही वाकून बघत होतो, मी, सुप्रभा, मणी आणि कृष्णस्वामी, त्यांचा तो एकच धड डोळा बारीक करून. भुकटी पांढरीच राहिली.

“ब्लॉक ठणठणीत आहे,” सौम्या म्हणाली.

मग पाणी तेलात शिरलं कुठून? त्याचं उत्तर लायनरमध्ये होतं. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती लोखंडी नळी. तिच्या बाहेरच्या अंगाला पाणी खेळतं. तिसरा आणि पाचवा लायनर कृष्णस्वामींनी सूर्याकडे धरला आणि सुप्रभाला आतून बघायला सांगितलं. सुईच्या टोकाएवढी दोन भोकं होती, त्यांतून ऊन येत होतं.

“साधं बोअरचं पाणी घालत होता का रे?” म्हाताऱ्यानं मणीला विचारलं. “कूलंट नाही घातलंस? नुसतं पाणी लोखंड खातं.”

मणी खाली बघायला लागला. उत्तर सुप्रभानं दिलं.

“त्याला मी सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वी. निळं पाणी महाग आहे, साधं भर म्हणून. बिल कमी करायचं होतं.” तिनं लायनर पुन्हा उन्हात धरला. “हे मीच केलं, अय्या.”

मला वाटलं, ती आता खचणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारी बाई. पण ती वही उघडून म्हणाली, “लिहा. काय काय लागेल?”

लागणार बरंच होतं. सहाच्या सहा लायनर-पिस्टन नवे, सगळी बेअरिंगं नवी, हेड घासून सपाट करायचं, तेलाचा पंप, पाण्याचा पंप. तिचा अंदाज अडीच लाखांचा होता. मग सौम्यानं क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, मोजला आणि बापाकडे पाहिलं. पाणी मिसळलेल्या तेलावर चालल्यामुळे त्याच्यावर ओरखडे पडले होते. तो घासून बारीक करावा लागणार होता, आणि असा क्रँक पुढं फार तर आणखी एकदा घासता येतो. पुन्हा असं झालं तर नवाच घ्यावा लागेल. खर्च तीन लाख पस्तीस हजारांवर गेला.

“बाजारात नकली लायनर मिळतात,” मणी हळूच म्हणाला. “साठ हजार वाचतील.”

“कूलंटमध्ये वाचवले तेवढे पुरे झाले,” सुप्रभा म्हणाली. दोन सोन्याच्या बांगड्या होत्या तिच्या, आईनं दिलेल्या. त्या विकल्या. मला वाईट वाटलं. तिला नाही. “आईनं अडीअडचणीला दिल्या होत्या,” ती म्हणाली, “आणि ही अडचण नव्हे तर काय?”

माझं परतीचं तिकीट मी पुढं ढकललं. पुढचे सोळा दिवस ती रोज सकाळी नऊला पट्टरैत जायची. कुणाच्या कामात लुडबुड करायची नाही, पण प्रत्येक भाग बसताना बघायची. ज्यांची नावं लिहून बोटं दुखली ते भाग ती पहिल्यांदा हातात घेत होती. एकदा पिस्टनची रिंग बोटात धरून म्हणाली, “मला वाटायचं ही बांगडीएवढी असेल. केवढी मोठी आहे गे!” सौम्यानं तिला मायक्रोमीटर वाचायला शिकवलं. दोघींची चांगली गट्टी जमली.

मधेच बायपासच्या मॅनेजरचा फोन आला. वरून सूट मंजूर झालीय, आठ लाख दहा हजारांत नवीन इंजिन देतो. सुप्रभानं फोन स्पीकरवर टाकला.

“भेग पुसली गेली, सार,” ती म्हणाली. “घासलेटानं.”

मग तो म्हणाला, आमच्या माणसाला तसं वाटलं होतं.

“वाटलं होतं तर कागदावर तसं लिहा. वाटतंय म्हणून लिहा. आहे म्हणून का लिहिलंत?”

त्यानं फोन ठेवून दिला, पण ती दुसऱ्या दिवशी बसनं थेट तिथं गेली. मी बरोबर होते. बाहेरच्या बाकांवर सात-आठ ड्रायव्हर आणि मालक आपापले कागद घेऊन बसले होते. सुप्रभानं कुणाला भाषण दिलं नाही. मॅनेजरच्या टेबलावर त्याच्या अंदाजपत्रकाचा जुना कागद ठेवला, त्यावर कृष्णस्वामींच्या पट्टरैचा तपासणीचा कागद ठेवला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दोन्ही वाचा. मग तुमच्या कागदावर ‘रद्द’ लिहून सही करा.”

“हे असं करायची पद्धत नाही, अम्मा.”

“मग आजपासून करा.”

काचेचं दार उघडंच होतं. बाकावरचा एक माणूस उठून दारात आला आणि आपला कागद हलवत म्हणाला, “सार, माझ्याही गाडीचा ब्लॉक गेलाय असं लिहिलंय. मलाही जरा दाखवता का?” त्याच्यामागं दुसरा उठला. मॅनेजरनं घाईघाईनं ‘रद्द’ लिहिलं, सही केली. त्या दोघांच्या इंजिनाचं पुढं काय निघालं ते मला माहीत नाही. आम्ही बस पकडून परत आलो.

इंजिन बसलं त्या दिवशी सकाळी शेषगिरीही आला होता, लांब उभा राहिला. मणीनं चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा तसंच. शेषगिरीनं माझ्याकडे पाहिलं. सौम्यानं डिझेलच्या नळीतली हवा काढली, मणीनं परत चावी फिरवली आणि ते धडधडत सुरू झालं. काळा धूर, मग राखाडी, मग काहीच नाही. कृष्णस्वामी दोन्ही हात ब्लॉकवर ठेवून डोळे मिटून उभे होते. दहा मिनिटांनी म्हणाले, “ठीक आहे. पहिले हजार किलोमीटर घाई नको. अर्धाच माल.”

“पहिल्या खेपेला मी जाणार,” सुप्रभा म्हणाली.

शेषगिरी पुढं आला. “ट्रेलरच्या केबिनीत? तू? अगे, कुणी पाहिलं तर?”

“सगळे पाहतील, अण्णा. केवढी उंच गाडी आहे ती.”

पायरी उंच होती. मणीनं हात पुढं केला, तिनं घेतला नाही. साडीचा पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पहिल्यांदा घसरली. गुडघा खरचटला. शिवी हासडली, तमिळमध्ये, आणि दुसऱ्यांदा चढली. अरियलूरला जाऊन, अर्धा माल भरून ती परत आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. शेषगिरी कोपऱ्यावर उभा होता. त्या दिवशी रात्रीचं जेवण त्यानं केलं, आंबट वरण आणि बटाटे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बटाटे करपले होते.

या गोष्टीला वर्ष झालं. सगळं गोड झालं असं नाही. पाचव्या महिन्यात टर्बो गेला आणि त्याचे आणखी पंचेचाळीस हजार लागले. शेषगिरी म्हणाला, बघ. ती म्हणाली, बघितलं. गाडी चालते आहे. निळ्या पाण्याचा डबा आता केबिनीत कायम असतो आणि तो कधी भरला याची तारीख ती स्वतः टाकते.

आता आसपासचे लहान गाडीमालक तिला बोलावतात. इंजिन खोलताना बाईनं नुसतं उभं राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. बसभाड्याखेरीज ती काही घेत नाही. गेल्या महिन्यात ओरत्तनाडूच्या एका माणसानं तिला नेलं. त्याच्या लॉरीलाही नवीन इंजिन सांगितलं होतं आणि त्याची खात्री होती की तो खोटेपणा आहे. सुप्रभानं सौम्याला बरोबर घेतलं. लाल औषध, पांढरी भुकटी. भुकटीवर बोटभर लांबीची लाल रेघ उमटली, अगदी स्वच्छ.

“नवीन घ्या,” सुप्रभा म्हणाली. “हे बांधलंत तर पैसे पाण्यात.”

तो माणूस भडकला. “तुमचं दुरुस्त झालं आणि माझं नाही? तुम्हीही त्यांना सामील झालात का?”

“तुम्हाला आवडेल ते सांगायला मी आले नाही,” ती म्हणाली. “रेघ तुमच्यासमोर आहे. बोट लावून बघा.”

त्यानं बोट लावलं नाही. चहाही विचारला नाही. दोघी उन्हातून चालत बसथांब्यावर आल्या. सौम्याला वाईट वाटत होतं, सुप्रभा फोनवर मणीला विचारत होती की अरियलूरच्या वजनकाट्यावर रांगेत किती गाड्या पुढं आहेत. मणी म्हणाला, अकरा. “मग इंजिन बंद कर,” ती म्हणाली, “आणि आधी जेवून घे.”